जिभेची साखर आणि रक्तातली साखर

'साखर' हा एकच शब्द आपल्या घरांतून हल्ली दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक साखर डब्यात असते. ती वाण्याकडून आणावी लागते आणि मुंग्यांपासून जपावी लागते. दुसरी रक्तात असते. ती कुणी आणत नाही, कुणाला दिसत नाही, आणि तिची बातमी कळते ती प्रयोगशाळेच्या कागदावरून. "अण्णांची साखर पुन्हा वाढली," असे कुणी म्हणाले तर डबा भरला असा अर्थ कुणी घेत नाही, हे खरे. पण दोघींना एकाच नावाने हाक मारल्यामुळे एक कमी केली की दुसरी आपोआप कमी होते, आणि जे जिभेला गोड लागत नाही ते रक्तालाही गोड करीत नाही, अशी समजूत मात्र आपल्या मनात पक्की बसली आहे.

ऐन दिवाळीत हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटाइतके या समजुतीचे चांगले चित्र दुसरीकडे सापडावयाचे नाही. ताटात एका बाजूला लाडू, करंज्या, अनारसे. दुसऱ्या बाजूला चकली, कडबोळी, शेव, चिवडा. मधुमेहाचा माणूस पहिल्या बाजूकडे पाहून सुस्कारा टाकतो आणि दुसऱ्या बाजूवर निर्धास्तपणे हात मारतो. "तिखटच आहे ना, मग चालेल," हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल याची गणती नाही. जिभेने केलेली ही वाटणी रक्ताला मान्य आहे काय? हा प्रश्न माणसाने केव्हा विचारला आणि त्याचे उत्तर मिळावयास किती काळ लागला, ती हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

*

या रोगाची ओळख आपल्याकडे मुंग्यांनी करून दिली. प्रमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या आणि भुंग्यांसारखे किडे धाव घेतात, असे चरकसंहितेने नोंदवून ठेवले आहे. प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी एकाचे नावच मधुमेह. पण त्या ग्रंथाने रोगाचा दोष केवळ गोड खाण्यावर टाकला, असे जर कुणास वाटत असेल तर त्याने कारणांची यादी पाहावी. सुखाने बसून राहणे, झोपेचे सुख, दही, दूध, पाळीव आणि पाणथळ जागच्या प्राण्यांचे मांस, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ, अशी ती यादी आहे. गूळ तिच्यात आहे, पण त्याच्या शेजारी नवे धान्यही आहे, आणि सर्वांच्या आधी आहे ते बसून राहणे. पथ्य सांगताना जवाला मोठा मान दिला आहे. त्याच्या जोडीला मूग, जुनी साळ आणि कडू भाज्या.

सुश्रुताने एक पाऊल पुढे टाकले. जन्मतः येणारा प्रमेह आणि अपथ्याने होणारा प्रमेह असे दोन भेद त्याने केले, आणि पहिल्याचा रोगी कृश तर दुसऱ्याचा स्थूल असतो, असेही सांगितले. निर्धन रोग्याला त्याने दिलेले औषध तर विलक्षणच आहे. पायात वहाण नाही, डोक्यावर छत्री नाही, अशा स्थितीत भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत, त्याने शंभर योजने किंवा अधिक चालावे. नाही तर विहीर खणावी!

आजच्या सर्व शास्त्राचे बीज येथेच होते, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. या ग्रंथकारांना रक्तातील साखर ठाऊक नव्हती. त्यांची उपपत्ती कफाची आणि मेदाची आहे. निरीक्षण खरे असणे आणि त्याचे कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु रोगाचे मूळ शोधताना त्यांनी आपली दृष्टी केवळ जिभेच्या चवीवर खिळवली नाही, ती सगळ्या ताटावर आणि सगळ्या दिनक्रमावर फिरवली, एवढे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागते.

ग्रीकांचा अनुभव याच्या उलट. कप्पडोशियाचा वैद्य आरेटियस याने या रोगाचे जे वर्णन केले आहे ते आजही अंगावर काटा आणते: शरीराचे मांस वितळून मूत्रावाटे वाहून जाते, तहान भागत नाही, आणि आयुष्य थोडे उरते. 'डायबेटिस' या नावाचा अर्थच आरपार वाहून जाणे. पण मूत्र गोड असते, हे काही ग्रीकांनी लिहिले नाही. युरोपातील वैद्यकात ही गोडी ठळकपणे नोंदली गेली ती १६७४ मध्ये, टॉमस विलिस या इंग्रज वैद्याच्या ग्रंथात. चव त्याने कशी पाहिली हे निराळे सांगावयास नको. त्या काळी वैद्याची जीभ हीच त्याची प्रयोगशाळा होती.

*

येथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. मूत्र गोड आहे, पण ही गोडी येते कुठून? मूत्रपिंड ती तयार करते की ती रक्तातूनच येते?

१७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रोग्याचे मूत्र मंद आंचेवर आटवले. तळाशी एक पांढरट गोळा उरला. त्याला वास आणि चव साखरेची होती. मग त्याने रोग्याच्या रक्तातील पाणी चाखून पाहिले, तेही गोड लागले. मूत्राइतके नाही, पण गोड. डॉब्सनने अनुमान काढले, की ही साखर मूत्रपिंडात तयार होत नाही. ती आधीच रक्तात असते आणि मूत्रपिंड ती बाहेर टाकते. 'रक्तातली साखर' ही आपल्या तोंडी रुळलेली कल्पना जन्मली ती अशी.

वीसएक वर्षांनी, १७९७ मध्ये, ब्रिटिश तोफखान्याचा शल्यवैद्य जॉन रोलो याने आपल्या एका रोग्याची हकीकत छापली. कॅप्टन मेरेडिथ या लष्करी अधिकाऱ्याला त्याने मुख्यत्वे मांस आणि चरबी यांच्यावर ठेवले आणि मूत्रातली साखर रोज तपासली. धान्य आणि भाजीपाला बंद होताच साखर घटली. ते पुन्हा सुरू होताच साखर परत आली. रोलोचा निष्कर्ष असा, की वनस्पतीजन्य अन्नापासूनच पोटात ही साखर बनते. बाकी त्याच्या उपपत्तीत चुका पुष्कळ होत्या, पण एक गोष्ट त्याने पहिल्यांदाच दाखवून दिली: भाकर गोड नसते, आणि तरीही तिची साखर होते. जीभ आणि रक्त यांची फारकत झाली ती इथे.

पुढचा धडा युद्धाने शिकवला. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि तो पुढच्या जानेवारीपर्यंत उठला नाही. शहरात अन्नाचे हाल झाले. त्या उपासमारीत अपोलिनेर बूशार्दा या वैद्याच्या ध्यानात आले, की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातली साखर कमी झाली आहे, कुणाच्या बाबतीत ती नाहीशीच झाली आहे. रोग्यांनी शक्य तितके कमी खावे आणि घाम येईपर्यंत कष्ट करावेत, हा त्याचा उपदेश होता. दुष्काळात लोकांना दुसरे रोग होतात, हा रोग हटतो, हे पाहून त्याला काय वाटले असेल कोण जाणे.

पण एवढ्यावर प्रश्न सुटता तर बरे होते. पॅरिसमध्येच क्लोद बेर्नार्द याने त्यापूर्वी एक अडचण उभी करून ठेवली होती. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही त्याला साखर सापडली, आणि १८५७ मध्ये त्याने यकृतात साठलेले ग्लायकोजेन वेगळे करून दाखवले. म्हणजे शरीर साखर केवळ बाहेरून घेत नाही. ते ती साठवते, आणि गरज पडेल तेव्हा सोडते. मग १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. रक्तातील साखर हा एक हिशेब आहे. त्यात अन्न ही जमेची बाजू, यकृत ही पेढी, आणि स्वादुपिंड हा हिशेबनीस, असे चित्र हळूहळू स्पष्ट होऊ लागले.

हा हिशेब किती नाजूक आहे, याची कल्पना एका आकड्याने येईल. निरोगी माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आपण जेवतो तेव्हा या एका चमच्याच्या वाटेने पंधरा-वीस चमचे साखर दोन-तीन तासांत पार व्हायची असते, आणि तरीही तो चमचा फारसा सांडता कामा नये. ही कसरत स्वादुपिंडाचे इन्शुलिन दररोज पार पाडते. ज्याचे इन्शुलिन अपुरे पडते त्याच्या बाबतीत ताटात काय आहे, आणि ते किती वेगाने रक्तात उतरते, या प्रश्नाला जीवनमरणाची किंमत येते.

*

ती किंमत मुलांनी मोजली. इन्शुलिन हाती येण्यापूर्वी न्यूयॉर्कचा डॉक्टर फ्रेडरिक ॲलन मधुमेही मुलांना उपासावर ठेवी, कारण दुसरा उपायच नव्हता. भूक हे औषध होते आणि मरण थोडे पुढे ढकलणे हे यश होते. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी अकराव्या वर्षी त्याच्याकडे आली. तीन वर्षे तिने मोजून मापून उपास काढले. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती कॅनडातील टोरोंटो शहरी पोचली तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि तिचे वजन होते सुमारे वीस किलो.

टोरोंटोत त्याआधीच्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला होता, कॉलिपने तो शुद्ध केला होता, आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचून त्याचा गुण पाहिला होता. एलिझाबेथ वाचली. नुसती वाचली नाही, तर सत्तरी ओलांडून १९८१ साली वारली. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच साली त्याच शहरातून आपल्या गोष्टीचा पुढचा भाग आला.

इन्शुलिनने प्राण वाचवले, पण एक आळसही आणला. आता ताटाचा बारकाईने विचार करण्याची निकड उरली नाही. धान्यातील आणि फळांतील पिष्टमय भाग मोजावा, तेवढे इन्शुलिन द्यावे, आणि 'साधी' साखर टाळावी, असे पथ्याचे सूत्र ठरले. १९५० मध्ये अमेरिकेतील संस्थांनी अदलाबदलीच्या याद्या केल्या: एवढा पाव म्हणजे एवढा बटाटा, एवढा बटाटा म्हणजे एवढा भात. मागे गृहीत असे, की वजनाला सारखे पिष्ट म्हणजे रक्तातही सारखा परिणाम. साखर झरझर चढते, पिष्ट सावकाश. हे कुणी मोजून पाहिले होते काय? फारसे नाही. ते तर्काला इतके पटण्यासारखे होते, की मोजण्याची गरजच कुणाला भासली नाही.

आपल्याकडे या सूत्राचे पोचेपर्यंत दोनच शब्द उरले: साखर बंद.

माझे वडील दक्षिण कोकणातील एका गावी शाळामास्तर होते. १९६८ साली त्यांना मधुमेह निघाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "मास्तर, साखर बंद, गोड बंद." वडिलांचा स्वभाव शब्द पाळण्याचा. त्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली ती कायमची. दर आठवड्याला ते परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब टाकीत, स्पिरिटच्या दिव्यावर उकळीत आणि उजेडाकडे धरून रंग पाहात. निळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा झाला तर जास्त, आणि विटेसारखा तांबडा झाला तर घरातले सगळे गप्प बसत. आमच्या घरी विटेचा रंग वरचेवर येई, आणि वडिलांना त्याचा उलगडा होत नसे. लग्नकार्यात पंक्तीला बसून त्यांनी कधी श्रीखंडाला बोट लावले नाही, गणपतीत मोदक देवाला दाखवून ते आम्हां मुलांत वाटून टाकीत. मग साखर येते कुठून?

ती येत होती भातातून. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, एकादशीला साबूदाणा. चहातल्या दोन चमचे साखरेचे वजन आठ-दहा ग्रॅम भरते. शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीत सुमारे चाळीस ग्रॅम पिष्ट असते, आणि कोकणातला माणूस एका वाटीवर कधीच उठत नाही. वडिलांनी चमच्यांचा त्याग केला आणि वाट्या तशाच राहिल्या. प्रथम त्यांची नजर मंदावली, मग एका पायाचे बोट गेले, मग तो पाय गुडघ्यापासून काढावा लागला. यात कुणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. डॉक्टर कळकळीचे होते आणि अदलाबदलीच्या याद्या आमच्या गावापर्यंत पोचल्या नव्हत्या. पण एवढा निग्रह एका अर्धवट वाक्यावर खर्ची पडला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

*

ते वाक्य पुरे करण्याचे काम सत्तरीच्या दशकात सुरू झाले. स्टॅनफर्ड येथे फिलिस क्रॅपो आणि तिच्या सहकाऱ्यांनी बटाटा, पाव, भात आणि मका यांतून सारखेच पिष्ट माणसांना खाऊ घातले आणि रक्त तपासले. परिणाम सारखा आला नाही. बटाट्याने साखर जवळजवळ शुद्ध ग्लुकोजइतकी चढवली, भाताने आणि मक्याने त्याहून कमी. गृहीत ढासळले. मग १९८१ मध्ये टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स, टॉमस वोलिव्हर आदींनी ६२ पदार्थांची यादी छापली. रीत साधी होती. निरोगी स्वयंसेवकांना उपाशीपोटी अशा प्रमाणात पदार्थ द्यावयाचा, की त्यात पचणारे पिष्ट व शर्करा मिळून ५० ग्रॅम असावी. मग दोन तास रक्तातील साखर मोजून तिचा आलेख काढावयाचा, आणि ग्लुकोजचा परिणाम १०० धरून या पदार्थाचा परिणाम किती ते सांगावयाचे. याला त्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स हे नाव दिले.

या यादीने जिभेची साक्ष पार मोडीत काढली. पुढे अनेक देशांत मोजमापे झाली. २००८ साली एकत्र केलेल्या कोष्टकातील काही आकडे असे आहेत: उकडलेला बटाटा ७८, पांढरा पाव ७५, पांढरा भात ७३, आपली नेहमीची साखर ६५, चपाती ५२, आंबा ५१, दूध ३९, मसूर ३२, हरभरा २८, आणि जव २८. म्हणजे वजनास सारखे पिष्ट घेतले तर फिका बटाटा गोड साखरेहून अधिक वेगाने रक्त गोड करतो, आणि चरकाने पथ्यात वरच्या जागी बसवलेले जव धान्यांच्या रांगेत अगदी तळाशी, म्हणजेच सर्वांत सोयीच्या जागी, सापडते.

असे का व्हावे? पिष्ट म्हणजे तरी काय, ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. ती जिभेला गोड लागत नाही, कारण जिभेला सुटा मणी लागतो, माळ लागत नाही. पण लाळेतले आणि आतड्यातले पाचकरस ती माळ काही मिनिटांत तोडतात आणि हाती उरते ते निव्वळ ग्लुकोज. उलट नेहमीच्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. हा दुसरा अर्धा यकृताकडे जातो आणि रक्तातील ग्लुकोज फारसे वाढवीत नाही. म्हणून साखरेचा आकडा बटाट्याहून खाली. परंतु यावरून साखर निरुपद्रवी ठरत नाही. फ्रुक्टोज फार झाले तर यकृतात चरबी साठते. तसेच गूळ आणि मध साखरेहून 'चालतात' ही समजूतही खोटी. रक्ताच्या दृष्टीने ती साखरेचीच भावंडे.

माळ किती वेगाने तुटते हे तिच्या घडणीवर आणि आपल्या स्वयंपाकावर अवलंबून असते. ज्या तांदळात सरळ माळा अधिक असतात तो मोकळा शिजतो आणि सावकाश पचतो. ज्यात फांद्या फुटलेल्या माळा अधिक तो चिकट होतो आणि झटकन पचतो. गुरगुट्या शिजवलेला भात मोकळ्या भातापेक्षा लवकर साखर चढवतो. उकडा तांदूळ करताना साळ वाफवून वाळवतात, त्यामुळे त्यातील पिष्ट घट्ट बसते आणि सडल्यावरही त्याचे ब जीवनसत्त्व बरेच टिकते. कोकणात उकड्याची पेज हे गरिबाचे अन्न समजले जाई, आणि गिरणीतला पांढराशुभ्र सुरय तांदूळ घरी येणे ही बरकतीची खूण होती! पीठ जितके बारीक तितके ते पाचकरसांना सोपे. डाळ, भाजी, तेल-तूप जोडीला असले की पोट सावकाश रिकामे होते आणि चढाव सौम्य होतो. नुसता भात आणि वरण, उसळ, भाजी यांच्यासह तेवढाच भात हे रक्ताच्या लेखी दोन निराळे पदार्थ आहेत.

पेयांचा तर न्यायच वेगळा. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी माणसांना सफरचंदे एकदा अखंड, एकदा कुस्करून आणि एकदा रस काढून दिली. रस अखंड फळापेक्षा अकरा पट लवकर संपला, त्याने पोट कमी भरले, इन्शुलिन जास्त उसळले आणि मग साखर नेहमीच्या पातळीच्याही खाली घसरली. साखर तीच, फळ तेच. फक्त चावण्याचे श्रम वाचवले होते. आपल्या रसवंतीतला पेलाभर उसाचा रस आणि दाताने सोलून चघळलेले उसाचे कांडे यांतला फरक यावरून ध्यानात यावा.

अर्थात आकड्यांचीही पूजा करू नये. पहिल्या यादीत गाजराचा आकडा ९२ आला होता, आणि त्यामुळे बिचारे गाजर वर्षानुवर्षे बदनाम झाले. एक तर तो आकडाच फुगलेला होता; पुढच्या मोजमापांत उकडलेले गाजर ३९ वर उतरले. दुसरे असे, की ५० ग्रॅम पिष्ट-शर्करा गाजरातून मिळवायची तर पाऊण किलोच्या आसपास गाजरे खावी लागतात, आणि तेवढी कोण खातो? म्हणून १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वेगाबरोबर प्रमाणही धरणारे दुसरे माप पुढे केले. वेग पाहा आणि वाटीही पाहा, असा त्याचा साधा अर्थ. शिवाय माणसामाणसांत फरक असतो. २०१५ साली इस्राएलमध्ये आठशे माणसांच्या जेवणांचा मागोवा घेतला गेला तेव्हा तोच पदार्थ एकाची साखर भरमसाट चढवतो आणि दुसऱ्याची जेमतेम, असे दिसून आले.

*

आता आपल्या ताटाकडे वळू. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याचा इतिहास झपाट्याने बदलला आहे. १९५० मध्ये नगर जिल्ह्यातील लोणीजवळ प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या पिढीत साखर ही कार्डावर मिळणारी चैन न राहता गावोगावच्या चहात दिवसातून चार वेळा पडू लागली. ज्वारी-बाजरी मागे सरली. गहू आणि सडलेला तांदूळ पुढे आला. उपासाचे तर विचारूच नये. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सर्व अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. आपल्या शास्त्रकारांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते, म्हणून ते निषिद्ध ठरले नाहीत एवढेच. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीच्या दिवशी मधुमेही माणूस देवाच्या नावाने जो उपास करतो, तो त्याच्या रक्ताला मेजवानीसारखा भासतो.

आणि आपले शरीर या मेजवानीला तयार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो, पण आपले बाळ स्नायूंनी जितके कमी भरले तितके चरबीने भरले नाही. वरून रोडके, आतून चरबीचे! २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात त्यांनी स्वतःचे आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे, युडकिन यांचे, छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. सुश्रुताने सांगितलेले कृश आणि स्थूल हे दोन भेद आपल्या एकाच देहात नांदतात, असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी तेरा कोटींवर माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

एवढ्या लोकांना 'साखर बंद' हे दोन शब्द सांगून घरी पाठवणे आता पुरेसे नाही. साखर कमी करावीच. पण वाक्य तिथे थांबू नये. भाताची वाटी केवढी, तो कसा शिजवलेला, त्याच्या सोबतीला डाळ आणि भाजी किती, फळ चावून खाल्ले की पिऊन टाकले, जेवणानंतर माणूस आडवा झाला की चार पावले चालला, हे सगळे त्या वाक्यात आले पाहिजे. जेवणानंतर थोडे चालले तरी स्नायू रक्तातली साखर उचलू लागतात. त्यासाठी शंभर योजनांची गरज नाही. जो इन्शुलिन घेतो किंवा औषधे खातो त्याने हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत, कारण औषध तेवढेच ठेवून अन्न घटवले तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

जव आता आपल्याकडे श्रावणात शिवामूठ वाहण्यापुरते घरी येते. शंकराला वाहून झाल्यावर उरलेली मूठ मुगाबरोबर शिजवून पाहावी, एवढेच सुचवतो. चव चांगली लागते.